‘वृद्धाश्रम’ हा शब्द घ्यायचा का? : शोधशब्दांच्या एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

काम आजपासून सुरू. ज्येष्ठांची निवासी वसाहत आहे आणि एकाच आवारात तीन सोयी आहेत: स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी स्वतंत्र घरं, आंघोळ-कपडे-औषधं यांत हात लागतो त्यांच्यासाठी असिस्टेड लिव्हिंग, आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांसाठी वेगळा विभाग. वेबसाइट आहे, गूगलवर जाहिराती अधूनमधून चालतात. तक्रार अशी की फोन भरपूर येतात, पण नको तेच येतात. लोक गूगलवर टाकतात त्यांतले कोणते शोधशब्द (कीवर्ड) धरायचे आणि कोणते सोडायचे, एवढं मला तीन महिन्यांत लावून द्यायचं आहे.

पहिल्याच बैठकीत संचालक म्हणाले, “मॅडम, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द आमच्या साइटवर कुठेही दिसता कामा नये. आम्ही कम्युनिटी आहोत.” मी मान डोलावली. वहीत लिहून घेतलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

घरी येऊन साइटचा सोर्स उघडला. आधीच्या डेव्हलपरने मेटा कीवर्ड्सच्या टॅगमध्ये सत्तरेक शब्द कोंबून ठेवलेत. गूगल क्रम लावताना हा टॅग बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं होतं. म्हणजे दारावरच्या पाटीच्या मागच्या बाजूला नाव रंगवून ठेवल्यासारखं. काढून टाकायला सांगितलं. त्याने बिघडत काही नव्हतं, पण या कामाचे कोणीतरी पैसे घेतले असणार.

८ जानेवारी

कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कोणता शब्द किती जण शोधतात ते सांगणारं गूगलचं साधन, उघडून बसले. जाहिरात खात्याचा खर्च तुटपुंजा असल्यामुळे नेमके आकडे दिसत नाहीत, १० ते १००, १०० ते १ हजार असे पट्टे दिसतात. पट्टे एवढे रुंद आहेत की त्यांवरून निर्णय घेण्यापेक्षा अंदाज बांधलेला बरा. एक नेहमीचा गैरसमज संचालकांनाही होता. त्या तक्त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो. नेहमीच्या निकालांत वर येणं किती अवघड आहे, ते त्यावरून कळत नाही. “स्पर्धा कमी दिसतेय, म्हणजे आपण लगेच पहिले येऊ” या वाक्याला तिथेच थांबवलं.

निकाल अपेक्षेप्रमाणे. ‘सीनियर लिव्हिंग कम्युनिटी’ मराठीत कोणी विचारतच नाही म्हटलं तरी चालेल. ‘असिस्टेड लिव्हिंग’ थोडं. ‘वृद्धाश्रम’ सगळ्यांच्या वर, पुष्कळच वर.

९ जानेवारी

आज दिवसभर त्या एका शब्दाची चिरफाड. सर्च बॉक्समध्ये ‘वृद्धाश्रम’ लिहून पुढे एकेक अक्षर टाकत गेले आणि सुचवण्या टिपल्या. निबंध. भाषण. घोषवाक्य. मोफत. देणगी. नोकरी. संस्था कशी सुरू करावी. कविता तर कितीतरी. राहण्याची जागा शोधणारा माणूस या गर्दीत कुठेतरी कोपऱ्यात उभा आहे.

अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार पाडले होते: माहिती हवी आहे, ठरावीक ठिकाणी पोचायचं आहे, किंवा काही व्यवहार उरकायचा आहे. आमच्या धंद्यातले लोक अजून हीच फूटपट्टी वापरतात आणि बूट-चपला विकताना ती चालते. इथे अडते. ‘आई रात्री झोपत नाही काय करावं’ ही माहितीची विचारणा आहे, बरोबर. पण हे विचारणारी बाई सहा महिन्यांनी आपल्या दारात उभी असू शकते, आणि ‘वृद्धाश्रम पत्ता’ असं अगदी कामाचं विचारणारा माणूस जुन्या चादरी द्यायला निघालेला असू शकतो.

थोडक्यात, शब्द किती जण टाकतात हे कळलं. कोण टाकतं, ते या साधनातून कळत नाही.

१३ जानेवारी

प्रकल्पातला सगळ्यात कामाचा दिवस, आणि कॉम्प्युटरला हातही लावला नाही.

वसाहतीच्या रिसेप्शनवर ज्या ताई बसतात, त्यांच्याकडे चौकशीची वही आहे. लांबट, पुठ्ठ्याची, कोपरे उसवलेले. रकाने आखलेत: तारीख, नाव, नंबर, कोणासाठी, शेरा. ‘शेरा’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘माहिती दिली’ असं दोन शब्दांत गुंडाळलेलं. मी विचारलं, फोन करणारा पहिलं वाक्य काय बोलतो?

“अहो, सरळ कोणी विचारतच नाही,” ताई म्हणाल्या. “आधी घरातली हकीकत सांगतात. मी ऐकून घेते. मग शेवटी विचारतात, तुमच्याकडे जागा आहे का.”

मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं आणि मी लिहीत गेले. ‘बाबा महिन्यात दोनदा पडले.’ ‘आई गॅस बंद करायला विसरते.’ ‘हॉस्पिटलमधून परवा सोडताहेत, घरी बघायला कोणी नाही.’ ‘दोघांना एकत्र राहता येईल ना? एकाला मदत लागते, एकाला नाही.’ ‘कामाला ठेवलेली बाई सोडून गेली, ही तिसरी.’ ‘आमचं बोलणं झालंय, तिची तयारी आहे, फक्त तिची मांजर आणता येईल का?’

एकाही वाक्यात ‘सीनियर’ नाही, ‘लिव्हिंग’ नाही, ‘कम्युनिटी’ तर नाहीच. फोनवर माणूस जे बोलतो तेच जवळपास रात्री मोबाइलवर टाइप करतो, फक्त क्रियापदं गाळून.

ताईंना विनंती केली की ‘शेरा’ खोडून तिथे ‘पहिलं वाक्य’ असा रकाना करा, आणि जसं बोलले तसंच लिहा, शुद्ध करू नका. त्या हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे रडले तर तेही लिहू?” लिहा म्हटलं.

१४ जानेवारी

शीट तयार केली. शब्द, कोण टाइप करतंय, कोणत्या घडीला, आपल्याकडे उत्तराचं पान आहे का. आकड्यांचा रकाना मुद्दाम शेवटी.

२० जानेवारी

वहीतली आठवड्याची वाक्यं आली, आणि साइटच्या सर्च कन्सोलमधून (साइट कोणत्या शोधांवर दिसली ते सांगणारं गूगलचं साधन) गेल्या १६ महिन्यांच्या विचारणाही उतरवल्या (त्याहून जुनं तिथे मिळत नाही). फारच कमी लोकांनी विचारलेल्या गोष्टी गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, त्यामुळे बेरीज जुळत नाही. ती जुळवत बसायचं नसतं. रोज होणाऱ्या शोधांपैकी साधारण १५ टक्के आधी कधीच झालेले नसतात, हे गूगल स्वतः बरीच वर्षं सांगत आलंय. एकेक वाक्य पकडायला जाल तर हाती काही लागायचं नाही. वाक्यांचे घोस बांधायचे.

दोन याद्या शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली: ‘साठी’. ‘आईसाठी’, ‘वडिलांसाठी’, ‘सासूबाईंसाठी’. हे शोधणारे मुलं-सुना-जावई. त्यांच्या शब्दांत पडणं, विसरणं, एकटं असणं, रात्र, औषधं.

आणि जे स्वतःसाठी शोधतात त्यांच्या यादीत ‘वृद्ध’ हा शब्द औषधालाही नाही. ते ‘निवृत्तीनंतर राहण्यासाठी घर’ म्हणतात, ‘सीनियर सिटिझन फ्लॅट’ म्हणतात. बागेची, वाचनालयाची, पाहुणे आले तर कुठे उतरतील याची चौकशी करतात. पंचाहत्तरीच्या माणसालाही ‘वृद्ध’ म्हणजे शेजारच्या घरातले वाटतात. माझे स्वतःचे बाबा याला अपवाद नाहीत.

आजवर साइटवर दोघांना एकच पान होतं: वर हसऱ्या जोडप्याचा फोटो, खाली ‘आधार पट्ट्या असलेली स्वच्छतागृहं’. मुलीला फोटोत आई दिसत नाही आणि निवृत्त गृहस्थ त्या आधार पट्ट्यांचं वाचून पान बंद करतात. दोन वेगळी पानं, दोन वेगळे शब्दगट. ठरलं.

२४ जानेवारी

आज व्याकरणाचा दिवस. इंग्रजी शब्दांची यादी करणाऱ्याला जे कष्ट पडत नाहीत ते मराठीत पडतात. वृद्धाश्रम, वृद्धाश्रमात, वृद्धाश्रमाची, वृद्धाश्रमासाठी, वृद्धाश्रमांची. आपल्याला हवा असलेला शब्द गूगल बहुतेक वेळा जवळच्या रूपांसकट समजून घेतो. नको असलेल्या, म्हणजे निगेटिव्ह शब्दांच्या बाबतीत तसं नाही. ‘निबंध’ वगळला म्हणून ‘निबंधाचे मुद्दे’ वगळलं जात नाही. ‘नोकरी’ अडवली तरी ‘नोकऱ्या’ आत शिरतात. प्रत्येक सामान्यरूप हाताने लिहावं लागलं. शाळेत विभक्ती पाठ करून घेणाऱ्या बाईंची आज आठवण झाली.

वर रोमन लिपीतलं मराठी आहेच. ‘वृद्धाश्रम’ हा एक शब्द लोक रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते मोजलं: एक डी, दोन डी, एच आधी, एच नंतर, शेवटी ए लावून, न लावून. अकरा तऱ्हा सापडल्यावर थांबले. ज्या खरोखर कन्सोलमध्ये दिसल्या तेवढ्याच घेतल्या.

आणखी एक. वहीतली लांब वाक्यं जशीच्या तशी कीवर्ड म्हणून घातली की खात्यात त्यांच्यापुढे ‘शोधांचं प्रमाण कमी’ असा शेरा येतो आणि प्रमाण वाढेपर्यंत त्यांवर जाहिरात दिसतच नाही. म्हणून जाहिरातीसाठी त्यांचा गाभा तेवढा घेतला, ‘आईसाठी राहण्याची सोय’ असा, फ्रेज मॅचवर, म्हणजे तोच अर्थ असलेल्या शोधांपुरता. पूर्ण वाक्यं लेखांच्या मथळ्यांकडे वळवली. ‘आई गॅस बंद करायला विसरते: कधी काळजी करावी?’ हा पहिला लेख. डिमेन्शिया विभागातल्या परिचारिकांशी बोलून लिहायचा, आणि त्यात डॉक्टरकडे केव्हा जावं ते आधी, आपली जागा शेवटी, एका ओळीत.

२८ जानेवारी

ठिकाणाच्या सेटिंगवरून सहकाऱ्याशी जुंपली. गूगल अॅड्समध्ये मुळात जो पर्याय निवडलेला असतो त्यात त्या भागात असलेले लोक येतात, आणि तिथे नसूनही त्या भागात रस दाखवणारेही येतात. जाहिरातीच्या कामात पडलेला कोणीही पहिल्या दिवशी शिकतो की हा पर्याय बदलून ‘फक्त तिथे असलेले’ असा करायचा, नाहीतर पैसे वाहून जातात.

“अगं, हे तर डोळे मिटून बंद करायचं असतं,” तो म्हणाला.

एरवी मीही केलं असतं. पण वहीत पाहिलं तर फोन करणारी मुलं बरीचशी दूरच राहतात. आई एका गावात, मुलगा दुसऱ्या टोकाला, मुलगी तिसऱ्या देशात. ‘फक्त तिथे असलेले’ केलं तर निर्णय घेणारेच वगळले जातात. शेवटी दोन मोहिमा केल्या. एक जवळच्या भागात राहणाऱ्यांसाठी, तिच्यात गावाचं नाव नसलेले शब्द. दुसरी बाहेरच्यांसाठी, तिच्यात गावाचं नाव असलेलेच शब्द. दुसरीच्या जाहिरातीत ‘व्हिडिओ कॉलवर जागा पाहा’. सहकारी पुटपुटला, पण मान्य केलं.

३ फेब्रुवारी

जाहिराती सुरू. मथळ्याला ३० अक्षरांची मर्यादा आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. ‘ज्येष्ठांसाठी’ लिहिलं की निम्मी जागा संपलीच.

५ फेब्रुवारी

सर्च टर्म्सचा अहवाल (जाहिरात नेमक्या कोणत्या शोधांवर दिसली ते सांगणारा) उघडला आणि कपाळाला हात लावला. डिमेन्शिया विभागासाठी ‘मेमरी केअर’ हा शब्द सहकाऱ्याने ब्रॉड मॅचवर ठेवला होता, म्हणजे गूगलला जवळचा वाटेल त्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसणार. क्लिक कशावर? ‘फोनची मेमरी फुल झाली’. ‘मेमरी कार्ड फॉरमॅट’. ‘ज्येष्ठ’ या शब्दाने वेगळीच मजा केली: ‘ज्येष्ठ महिना कधी सुरू होतो’.

ब्रॉड मॅच बंद केला. या खात्यात पुरेसा इतिहास जमा होईपर्यंत तरी नको. अहवालातही सगळं दिसत नाही; सप्टेंबर २०२० पासून गूगल पुरेशा लोकांनी वापरलेलेच शब्द दाखवतं. काही क्लिकचे पैसे गेले, पण कोणत्या शब्दांवर गेले ते कळणार नाही. हे संचालकांना आधीच सांगून टाकलं, नंतर विचारायला नको.

७ फेब्रुवारी

चूक माझी. लपवत नाही.

मथळ्यात कीवर्ड आपोआप घालण्याची सोय असते. शोधणाऱ्याच्या शोधाशी आपला जो कीवर्ड जुळला, तोच मथळा बनतो. बूट-चपलांना ठीक. मी ती सोय या खात्यातही चालू ठेवली, आणि वहीतल्या वाक्यांवरून केलेल्या यादीत एक कीवर्ड होता: ‘म्हातारे आईवडील कुठे ठेवावे’. मोजून २७ अक्षरं, मर्यादेत नेमका बसणारा.

संचालकांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी स्क्रीनशॉट पाठवला. वर वसाहतीचं नाव, खाली मोठ्या निळ्या अक्षरांत ‘म्हातारे आईवडील कुठे ठेवावे’. जसं काही सामान ठेवायची जागा. संचालक ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, “आमच्याकडे राहणाऱ्या कोणी हे वाचलं असतं तर?”

दहा मिनिटांत ती सोय सगळ्या गटांतून काढली. शब्द यादीत ठेवला, कारण तो टाइप करणारा माणूस वाईट नाही, थकलेला आहे. पण त्याचे शब्द त्याला परत वाचून दाखवायचे नाहीत. त्या गटाचा मथळा आता ‘आईबाबांची काळजी, चोवीस तास’ असा आहे, आणि तो हाताने लिहिलेला आहे. लोकांचे शब्द शोधायला वापरायचे, बोलताना आपले वापरायचे, हे मला माहीत होतं. तरी झालं.

१२ फेब्रुवारी

चौकशा अचानक रोडावल्या. अर्धा दिवस शोधाशोध. कारण सापडलं: ‘नर्स’.

नोकरी शोधणारे फार येत होते म्हणून गेल्या आठवड्यात सहकाऱ्याने ‘नर्स’ हा शब्द निगेटिव्ह यादीत टाकला. एकच शब्द, ब्रॉडवर. म्हणजे ज्या विचारणेत ‘नर्स’ आहे ती प्रत्येक विचारणा बंद. ‘चोवीस तास नर्स असलेलं निवास’ बंद. ‘घरी नर्स ठेवावी की निवासात पाठवावं’ हे तर सोन्यासारखं, तेही बंद. ते काढून ‘नर्स नोकरी’, ‘नर्स भरती’, ‘नर्स पगार’, ‘नर्स पाहिजे’ असे जोड घातले. ‘मोफत’चीही तीच गत होती. ‘मोफत राहण्याची सोय’ नको, पण ‘मोफत डिमेन्शिया तपासणी’ विचारणारा हवा.

यापुढे नियम: निगेटिव्हमध्ये एकटा शब्द टाकायचा तर आधी तो शब्द असलेल्या मागच्या सगळ्या विचारणा वाचायच्या.

१३ फेब्रुवारी

कोणाच्या तरी सूचनेवरून दुसऱ्या एका निवासाचं नाव कीवर्ड म्हणून आठ दिवस चालवून पाहिलं. कीवर्ड म्हणून तसं करायला गूगलची आडकाठी नाही. आज ताईंचा फोन: एक बाई चिडून बोलत होत्या, त्यांना आपल्या आईशी बोलायचं होतं, आणि आई त्या दुसऱ्या निवासात आहे. गूगलवर नाव टाकलं, वरचा नंबर लावला, तो आमचा. बंद केलं. असं गिऱ्हाईक नको.

१८ फेब्रुवारी

‘खर्च’. ‘फी किती’. ‘महिन्याला किती’. ‘डिपॉझिट परत मिळतं का’. कन्सोलमध्ये साइट या शब्दांवर दिसते, पण कोणी क्लिक करत नाही, कारण खर्चाविषयी साइटवर एक अक्षर नाही. फक्त ‘संपर्क साधा’.

संचालकांचं म्हणणं, आकडा वाचून लोक पळतात. माझं म्हणणं, आकडा न वाचताही पळतात, फक्त तुम्हाला कळत नाही. तासभर झालं. शेवटी मधला मार्ग निघाला: आकडा नाही, पण खर्च कशाकशाचा बनतो ते सगळं लिहायचं. खोलीचा प्रकार, मदतीची पातळी, ती पातळी कोण आणि किती दिवसांनी ठरवतं, पातळी वाढली की काय वाढतं, कशाचे वेगळे पैसे लागतात, सोडून जाताना काय परत मिळतं. हे पान झाल्यावरच ‘खर्च’ या शब्दावर जाहिरात. उत्तर नसलेल्या पानावर माणूस आणून सोडायचा तर तो शब्द विकत घेण्यात काही अर्थ नाही.

२६ फेब्रुवारी

डिमेन्शियाचं पान पाहून गेलेल्यांना नंतर इतर साइटवर आपल्या जाहिराती दाखवाव्यात, अशी सूचना आली. नाही म्हटलं. आरोग्याच्या तक्रारींवरून माणसांच्या याद्या करून त्यांच्या मागे जाहिराती लावायला गूगलच्या नियमांत मुळात परवानगी नाही. आणि नियम नसता तरी, घरच्या मोबाइलवर आई पाककृती बघतेय आणि शेजारी डिमेन्शिया विभागाची जाहिरात, हे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटलं. विषय संपला.

५ मार्च

गूगल नकाशावरची वसाहतीची नोंद तपासली. मुख्य वर्ग चुकून ‘हॉस्पिटल’ असा होता. म्हणूनच बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा विचारणारे फोन येत होते! ‘रिटायरमेंट होम’ हा मुख्य वर्ग केला, ‘असिस्टेड लिव्हिंग फॅसिलिटी’ हा जोडीला. नावापुढे ‘उत्तम ज्येष्ठ निवास डिमेन्शिया केअर’ असं लांबलचक शेपूट जोडायची कल्पना नाकारली. नावात शब्द कोंबणं तिथल्या नियमांत बसत नाही, तक्रार झाली तर नोंदच लटकते.

१२ मार्च

‘वृद्धाश्रम’ची बैठक. दोन महिने लांबवत आणली होती.

मी तीन कागद घेऊन गेले. पहिल्यावर ताईंच्या वहीतली वाक्यं. त्यांतल्या ज्या चौकशा पुढे प्रत्यक्ष भेटीपर्यंत गेल्या, त्यांच्यापुढे खूण. दुसऱ्यावर कन्सोलमधल्या ‘वृद्धाश्रम’ असलेल्या विचारणा, निबंध-देणगी-नोकरी गाळून उरलेल्या. ‘चांगला वृद्धाश्रम कसा ओळखावा’, ‘आईला वृद्धाश्रमात ठेवणं चूक आहे का’, ‘वृद्धाश्रम आणि सीनियर लिव्हिंग फरक’. तिसरा कोरा.

संचालक बराच वेळ दुसऱ्या कागदावरच्या त्या मधल्या ओळीकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं की या शब्दाचा त्यांना राग का आहे. नव्याने राहायला आलेल्या एका आजींना नातेवाइकांनी फोनवर विचारलं होतं, “काय, वृद्धाश्रमात टाकलं का शेवटी?” आजी चार दिवस जेवणघरात आल्या नव्हत्या.

ते ऐकल्यावर माझा युक्तिवाद मलाच जरा पोकळ वाटला. तोवर मी हे शब्दाच्या आवडीनिवडीचं प्रकरण समजत होते. मी म्हटलं, मग हीच गोष्ट लिहू या, नाव न घेता. लोक तो शब्द टाकतात कारण त्यांना दुसरा माहीत नाही, किंवा त्याच शब्दाने त्यांना टोचलंय. आपण स्वतःला वृद्धाश्रम म्हणवून घ्यायचं नाही. पण जो माणूस तो शब्द घेऊन आलाय त्याच्याशी बोलायचंच नाही, असं कसं?

तिसऱ्या कागदावर तिथेच पानाचा आराखडा काढला. मथळा: ‘वृद्धाश्रम आणि ज्येष्ठ निवास यांत फरक काय?’ आत सरळ लिहायचं: धर्मादाय संस्था कशा चालतात आणि कोणासाठी असतात, पैसे भरून राहण्याची निवासं कोणासाठी, मदतीच्या पातळ्या काय, भेट द्यायला गेल्यावर काय बघावं (दुपारी चारच्या सुमाराला जा, सकाळी सगळीकडेच नीटनेटकं असतं, हे ताईंचं वाक्य). ज्यांना मोफत जागाच हवी आहे त्यांना धर्मादाय संस्थांकडे कशी चौकशी करावी तेही सांगायचं. हा शेवटचा परिच्छेद संचालकांनी स्वतः सुचवला.

अट एकच घातली त्यांनी: जाहिरातीच्या मथळ्यात तो शब्द नाही. फक्त या एका पानावर. मान्य.

२४ मार्च

पान लागून दहा दिवस झाले, आकडे बोलायला फार लवकर आहे. पण कन्सोलमध्ये ‘फरक’ असलेल्या विचारणांवर साइट दिसायला लागली आहे.

फोनांची संख्या कमी झाली आहे, आणि ते चांगलं आहे हे संचालकांना पटवायला वेळ लागला. नोकरीचे फोन जवळजवळ बंद. ताई म्हणतात, आता एकेक फोन लांब चालतो.

मोजणीतली एक मोठी खोट मात्र आज दुरुस्त केली. क्लिक केल्यावर किती दिवसांत झालेली चौकशी त्या जाहिरातीच्या नावावर जमा करायची, याची मुदत मुळात ३० दिवस असते. हॉस्पिटलमधून परवा सोडणाऱ्यांना ती पुरते. पण निवृत्तीनंतरचं घर बघणारं जोडपं एक महिना वाचतं, दोन महिने घरात बोलतं, मग फोन करतं. मुदत ९० केली, त्यापुढे जात नाही. तरी काही निसटणारच. त्यासाठी वहीत अजून एक रकाना: ‘आमच्याविषयी पहिल्यांदा कधी वाचलं?’

३१ मार्च

काम सुपूर्त केलं. शब्दांची यादी जानेवारीत ३०० च्या वर गेली होती, आता ४६ आहेत, निगेटिव्ह मात्र दोनशेच्या पुढे. सहकारी दर पंधरवड्याला अहवाल वाचणार, ताई दर शनिवारी वहीच्या पानांचे फोटो पाठवणार.

आजच्या फोटोत एक नवं वाक्य आहे: ‘मीच माझ्यासाठी विचारतेय, मुलांना अजून सांगितलं नाही.’ या बाईंसाठी आपल्याकडे पान नाही. एप्रिलच्या कामात पहिलं हे.